संशय कुणावर घ्यायचा, न्याय कुणाला द्यायचा?

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. छापताना थोडीफार काटछाट केली आहे.)



मागच्या वेळी आपण मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोललो. मुलांना धोका बहुतेक वेळा ओळखीच्या, विश्वासातल्या माणसाकडूनच असतो, हे सांगताना मी नातेवाईक, क्लासचे सर, बुवा, फादर अशी उदाहरणं दिली होती. त्यानंतर केंद्रावर दोन फोन आले. एक ताई म्हणाल्या, “माझा सख्खा भाचा फादर होण्यासाठी सेमिनरीत शिकतोय. तुम्ही असं बोललात की लोक उद्या त्याच्याकडेही त्याच नजरेनं बघणार. एकट्यादुकट्याच्या पापासाठी सगळ्यांना का बदनाम करता?” दुसऱ्या बाई चिडलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही फार सांभाळून बोललात. हे सगळे झगेवाले सारखेच. सरळ सांगून टाका ना.”

दोघींना मी फोनवर नीट उत्तर देऊ शकले नाही. म्हणून आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे. एखाद्या धर्मसंस्थेतल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलायचं, तर न्यायाला धरून कसं बोलायचं? संशय घ्यायचा की नाही? घ्यायचा तर कुणावर?

हे हवेत बोलून समजत नाही, म्हणून मी एक खरं प्रकरण सांगणार आहे. ते आपल्याकडचं नाही, मेक्सिको आणि रोममधलं आहे. पण ते जवळजवळ साठ-सत्तर वर्षं चाललं, त्याचे कागद बाहेर आले, खुद्द व्हॅटिकननं त्यावर निर्णय दिला आणि त्या संघानंही शेवटी ते कबूल केलं. त्यामुळे त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

धर्मसंघ म्हणजे काय?

कॅथलिक नसलेल्या मैत्रिणींसाठी आधी थोडं सांगते. कॅथलिक चर्चमध्ये फादर दोन प्रकारचे असतात. काही धर्मप्रांताचे असतात. ते बिशपच्या हाताखाली त्या भागातल्या चर्चमध्ये काम करतात. दुसरे असतात धर्मसंघाचे. आपल्याकडे शाळा-कॉलेजांमुळे जेझुइट म्हणजे येशूसंघ किंवा सालेशियन ही नावं तुम्ही ऐकली असतील. संघाचा फादर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतो. त्याचं राहणं, जेवण, शिक्षण, काम, आजारपण, म्हातारपण सगळं संघाकडेच असतं. कुठल्या गावी, कुठल्या देशात जायचं तेही संघाचे वरिष्ठ ठरवतात.

या व्यवस्थेत मोठं बळ आहे. त्याच बळावर या लोकांनी दूरदूरच्या वस्त्यांत शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांची सेवा केली. पण यात एक अडचणही आहे. घर, नोकरी, शाळा आणि देऊळ हे चारही एकाच छपराखाली आले, आणि त्या छपराखाली काही वाईट घडलं, तर तक्रार कुणाकडे करायची? ज्याच्याकडे करायची तो वरिष्ठच गुन्हेगार असेल तर? आता सांगते त्या गोष्टीत नेमकं हेच झालं.

मासिएलची गोष्ट

१९४१ साली मेक्सिकोत मार्सियाल मासिएल नावाच्या जेमतेम विशीतल्या तरुणानं एक संघ सुरू केला. पुढे त्याचं नाव पडलं ‘लीजनरीज ऑफ ख्राइस्ट’, म्हणजे ख्रिस्ताचे सैनिक. तेव्हा तो स्वतः फादरही झाला नव्हता. ते पद त्याला १९४४ मध्ये मिळालं. माणूस बोलण्यात गोड, देणग्या मिळवण्यात तरबेज. श्रद्धाळू घरातली दहा-बारा वर्षांची मुलं फादर होण्यासाठी त्याच्याकडे येत. त्यांना घरापासून दूर, कधी थेट स्पेनला आणि रोमला नेलं जाई. आईबाप धन्य व्हायचे. मुलांच्या दृष्टीनं मासिएल हाच बाप होता आणि हाच संत.

या संघात नेहमीच्या तीन व्रतांखेरीज आणखी एक खासगी व्रत घ्यावं लागे. वरिष्ठांवर कधीही टीका करायची नाही, आणि कुणी केलीच तर त्याचं नाव वरती कळवायचं. मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. देवाच्या नावानं मुलांकडून गप्प बसण्याची शपथ घेतली जात होती.

१९५६ मध्ये मासिएलविरुद्ध रोमला तक्रारी गेल्या. त्यात अमली औषधाच्या व्यसनाची तक्रार होती. त्याला पदावरून बाजूला केलं गेलं. चौकशीसाठी दुसऱ्या एका संघाचे, कार्मेलाइट संघाचे, धर्मगुरू आले. त्यांनी मुलांना प्रश्न विचारले. मुलांनी सांगितलं, आमचे फादर चांगले आहेत. १९५९ मध्ये मासिएल पुन्हा पदावर आला.

त्याच मुलांपैकी काही जण मोठेपणी पुढे आले. चौकशीला आलेल्यांशी आपण तेव्हा खोटं बोललो होतो, असं त्यांनी सांगितलं. व्रताची भीती होती, घर हजारो मैल दूर होतं, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच हातात आपलं सगळं आयुष्य होतं. मासिएलनं आपलं लैंगिक शोषण केलं, असं ते म्हणाले. आपल्याला एक आजार आहे आणि त्यासाठी खुद्द पोपनी परवानगी दिली आहे, असं तो सांगत असे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पोपचं नाव सांगितलं, तर तो काय उत्तर देणार?

या माणसांपैकी एक जण पुढे फादर होऊन संघाच्या अमेरिकेतल्या शाखेचा प्रमुख झाला होता. संघ सोडल्यावर १९७६ मध्ये, आणि पुन्हा १९७८ मध्ये, त्याचं म्हणणं रीतसर मार्गानं व्हॅटिकनपर्यंत गेलं. काहीच हालचाल झाली नाही.

फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ‘हार्टफर्ड कुरंट’ या वर्तमानपत्रात जेसन बेरी आणि जेराल्ड रेनर या दोन पत्रकारांनी नऊ माणसांच्या आरोपांची बातमी नावानिशी छापली. या नवांत प्राध्यापक होते, वकील होता, एक फादरही होता. सगळे पन्नाशी-साठीतले. १९९८ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी रोमला जाऊन चर्चच्याच कायद्याखाली तक्रार दाखल केली. हा पैशासाठीचा दावा नव्हता. आमचं म्हणणं आमच्याच चर्चनं ऐकावं, एवढंच मागणं होतं. वर्षभरात ती तक्रार थंड्या बस्त्यात गेली.

संशय उलटा फिरला

आता इथे जरा थांबू या. कारण आपला विषय मासिएल काय करत होता एवढाच नाही. लोक त्याच्याबद्दल कसं बोलत होते, हा आहे.

आरोप जाहीर झाल्यावर संशयाची दिशा बघा. संघानं सांगितलं, हे आमच्या संस्थापकाविरुद्धचं कारस्थान आहे, ही संघ सोडून गेलेली नाराज माणसं आहेत. लोकांनी विचारलं, इतकी वर्षं गप्प का होते? १९५०च्या दशकात चौकशी झाली तेव्हा तर सगळं चांगलं आहे म्हणत होते, मग तेव्हा खोटं की आता खोटं? हे प्रश्न वरवर पाहता योग्यच वाटतात. पण लहान मुलगा गप्प का राहिला, याचं उत्तर त्या व्रतातच होतं. ज्या गप्पपणाला संघानंच भाग पाडलं होतं, तोच गप्पपणा पुढे त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला.

ही रीत आपल्याला नवीन नाही. सासरचा छळ सांगणाऱ्या मुलीला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

मासिएलची बाजू घेणारे सगळे लबाड नव्हते, हेही सांगायला हवं. अमेरिकेत रिचर्ड जॉन न्यूहाउस नावाचे मोठे विद्वान फादर होते. २००२ मध्ये त्यांनी आपल्या मासिकात लिहिलं की दोन्ही बाजू नीट तपासल्यावर हे आरोप खोटे आहेत अशी आपली नैतिक खात्री झाली आहे. त्यांना फसवायचं नव्हतं, ते स्वतः फसले होते. संघात तरुण भरती होत होते, शाळा चालत होत्या, शिस्त होती. फळं इतकी चांगली दिसत असताना झाड किडलेलं कसं असेल, असं पुष्कळांना वाटलं. स्वतः पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ च्या अखेरीस, मासिएलला धर्मगुरू होऊन साठ वर्षं झाल्याच्या प्रसंगी, त्याचं जाहीर कौतुक केलं.

चांगल्या माणसाचं प्रशस्तिपत्र हा पुरावा नसतो. “मी त्यांना वीस वर्षं ओळखते, ते असं करणारच नाहीत,” असं आपण म्हणतो तेव्हा ते आपलं मत असतं. ते माणूस आपल्याशी कसा वागला एवढंच सांगतं. बंद खोलीत एखाद्या मुलाशी तो कसा वागला, हे त्यातून कळत नाही.

उशिरा झालेली चौकशी

त्याच २००४ च्या शेवटी कार्डिनल जोसेफ रात्झिंगर यांच्या खात्यानं जुनी फाइल पुन्हा उघडली. हेच रात्झिंगर पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. २००५ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स शिक्लुना नावाचे माल्टाचे धर्मगुरू न्यूयॉर्कला आणि मेक्सिकोला गेले, आणि त्यांनी एकेका माणसाचं म्हणणं बसून ऐकलं. १९७६ मधली तक्रार रोमला पोचल्याला तोवर जवळपास तीस वर्षं होऊन गेली होती.

मे २००६ मध्ये व्हॅटिकननं निर्णय जाहीर केला. मासिएलचं वय आणि तब्येत पाहता खटला चालवणार नाही, पण त्यानं सगळं जाहीर काम सोडून प्रार्थना आणि प्रायश्चित्तात आयुष्य घालवावं. तरी संघानं काय सांगितलं? मासिएल निर्दोष असल्याचं सांगतो, आणि येशूचं अनुकरण करून तो आपला बचाव करणार नाही. जानेवारी २००८ मध्ये तो वारला. २००९ मध्ये संघानं कबूल केलं की त्याला एक मुलगी होती. २०१० मध्ये मुलांवरचे अत्याचारही कबूल केले आणि माफी मागितली.

त्याच वर्षी १ मे रोजी व्हॅटिकननं जे निवेदन काढलं, ते आपल्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचं आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. एक, मासिएलची कृत्यं हे खरेखुरे गुन्हे होते. दोन, त्याच्या वागण्यावर शंका घेणाऱ्यांना दूर लोटून, त्यांनाच संशयित ठरवून त्यानं स्वतःभोवती असं कवच उभं केलं होतं की त्याला हात लावणं अशक्य झालं. आणि तीन, संघातल्या बहुसंख्य लोकांना त्याच्या या आयुष्याचा पत्ताच नव्हता. ज्यांनी धीर न सोडता सत्याची मागणी केली, त्यांचे निवेदनात आभारही मानले आहेत. वरिष्ठांवर टीका न करण्याचं ते व्रत तर पोप बेनेडिक्ट यांच्या काळात आधीच रद्द झालं होतं.

आता दोन्ही फोनकडे येऊ

डिसेंबर २०१९ मध्ये या संघानं स्वतःच नेमलेल्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. १९४१ पासूनच्या काळात संघाच्या ३३ धर्मगुरूंनी १७५ अल्पवयीन मुलांवर अत्याचार केल्याचं त्यात नोंदलं आहे. त्यांपैकी किमान ६० मुलं एकट्या मासिएलची बळी होती. संघात आजवर १,३५३ जण धर्मगुरू झाले होते. म्हणजे ३३ हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास जातं. हा आकडा संघानंच काढलेला आहे, आणि जे पीडित कधी बोललेच नाहीत ते कुठल्याच आकड्यात येत नाहीत, हेही ध्यानात ठेवायचं.

आता चिडून बोललेल्या बाईंना मी सांगेन, सगळे सारखे नव्हते. शंभरातल्या सत्त्याण्णवांवर असा ठपका नाही. संस्थापक गुन्हेगार निघाला त्या दिवशी त्या शेकडो माणसांचं आयुष्यही कोसळलं. ज्याला बाप मानून घरदार सोडलं, तोच असा निघाला. त्यांना “तुम्ही सगळे तसलेच” म्हणणं हा अन्यायच आहे. शिवाय त्यानं खरा गुन्हेगार सुटतो. सगळेच दोषी म्हटलं की नेमका दोषी कोण, हे शोधायची गरजच उरत नाही.

पण भाच्याच्या काळजीनं फोन करणाऱ्या ताईंनाही मला सांगायचंय, की हे “एकट्यादुकट्याचं पाप”ही नव्हतं. त्याच अहवालात आहे की ३३ पैकी १४ जण स्वतः लहानपणी या संघातच अत्याचाराला बळी पडले होते. आणि १७५ पैकी १११ मुलांपर्यंत ही साखळी मासिएलपासून पोचते. म्हणजे मासिएल, त्याचे बळी, आणि त्या बळींचे बळी. गप्प राहण्याची शपथ नसती, १९७६ च्या पत्राची दखल घेतली गेली असती, तर ही साखळी कुठेतरी तुटली असती. एक माणूस वाईट निघणं हे कुठेही होऊ शकतं. पण तो साठ वर्षं टिकला, तो भोवतालच्या व्यवस्थेमुळे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. संशय घ्यायचाच असेल तर झग्यावर नको, व्यवस्थेवर घ्या. समोरच्या फादरकडे वाकड्या नजरेनं बघण्यापेक्षा त्याच्या संस्थेला साधे प्रश्न विचारा. इथे मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहू शकतं का? वसतिगृहातलं मूल हवं तेव्हा घरी फोन करू शकतं का? तक्रार आली तर ती संस्थेबाहेरच्या कुणाकडे जाते का? तक्रार झालेल्या माणसाला चौकशी होईपर्यंत मुलांपासून दूर ठेवतात, की गुपचूप दुसऱ्या गावी पाठवतात? वरिष्ठांबद्दल प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय होतं? हे प्रश्न कॉन्व्हेंटला विचारा, आश्रमशाळेला विचारा, मदरशाला विचारा, कुस्तीच्या तालमीला आणि गल्लीतल्या क्लासलाही विचारा. सगळ्यांना सारखेच विचारा, म्हणजे तो कुणा एकाचा अपमान राहत नाही. चांगल्या संस्थेला त्यांचा राग येत नाही.

आरोप खोटा असेल तर?

हा प्रश्नही टाळून चालणार नाही. खोटे किंवा चुकीचे आरोप कधी कधी होतात. १९९३ मध्ये अमेरिकेत शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्यावर एका तरुणानं असाच आरोप केला. हे धर्मसंघाचे नव्हते, धर्मप्रांताचे प्रमुख होते. त्यांनी काय केलं? आरोप फेटाळला, पण पत्रकारांना सामोरे गेले आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. अशा तक्रारी तपासण्यासाठी त्यांनी स्वतःच आधी एक मंडळ नेमलं होतं. आपलं प्रकरण त्याच मंडळापुढे ठेवायला त्यांनी सांगितलं. तरुणाची आठवण संमोहनाच्या उपचारात जागी झाली होती. ती भरवशाची नाही असं त्यालाच पुढे वाटलं, आणि १९९४ च्या फेब्रुवारीत त्यानं दावा मागे घेतला. वर्षाखेरीस बर्नार्डिन त्याला जाऊन भेटले आणि दोघांनी एकत्र प्रार्थना केली. त्याच्यावर त्यांनी सूड उगवला नाही.

दोन्ही माणसं शेजारी ठेवून बघा. दोघेही म्हणाले, मी निर्दोष आहे. एकाच्या संघानं येशूचं नाव घेऊन प्रश्नांना दार बंद केलं आणि तक्रारदारांना बदनाम केलं. दुसऱ्यानं दार उघडलं, आणि शंभर दिवसांच्या आसपास त्याच्यावरचं किटाळ गेलं. उघड आणि लवकर झालेली चौकशी निर्दोष माणसाला वाचवते. चौकशी दाबली तर मुलाला न्याय मिळत नाहीच, पण निर्दोष फादरच्या अंगावरचा संशयही कधी धुऊन निघत नाही. लीजनरीजच्या शेकडो प्रामाणिक फादरांना तो आयुष्यभर वाहावा लागला. म्हणजे मुलाची बाजू आणि चांगल्या फादरची बाजू वेगळी नाही. दोघांनाही तीच गोष्ट हवी असते.

बोलताना शब्द जपा

आपण बायका ओट्यावर, नळावर, मिस्साला जाता-येता बोलतोच. ते थांबवा असं मी म्हणणार नाही. फक्त तीन गोष्टी पाळा. तक्रार झाली असेल तर “तक्रार झाली आहे” म्हणा, कोर्टानं दोषी ठरवलं असेल तरच “दोषी” म्हणा, आणि सुटला असेल तर तेही तेवढ्याच मोठ्यानं सांगा. दुसरं, पीडित मुलाचं किंवा मुलीचं नाव, घर, शाळा यांतलं काहीही तोंडातून काढू नका, मोबाइलवर तर मुळीच पाठवू नका. आणि तिसरं, ऐकीव गोष्टीत आपली भर घालू नका.

आपल्याकडे कायदाही या दोन्ही बाजू धरून आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. फादर, सिस्टर, मुख्याध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक कुणीच याला अपवाद नाही. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. “आम्ही आमच्या पातळीवर मिटवतो” हे उत्तर कायद्याला चालत नाही. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. पण बदनामीसाठी किंवा पैसे उकळण्यासाठी मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे. मुलाला मात्र त्यासाठी शिक्षा नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही.

आपली माणसं, बाहेरची माणसं

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. आपल्या राज्यात ख्रिस्ती समाज लहान आहे. २०११ च्या जनगणनेत शंभरात एकालाही पुरता भरत नाही. अशा वेळी ख्रिस्ती घरात भीती असते, की आपण बोललो तर बाहेरच्यांना आयतं कोलीत मिळेल. ही भीती खोटी नाही. एखाद्या फादरवर आरोप झाला की लगेच सगळ्या समाजावर आणि धर्मावर बोट दाखवणारे असतात. त्यांना मी एवढंच आठवण करून देईन, की २०१८ मध्ये जोधपूरच्या कोर्टानं अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल आसारामला जन्मठेप दिली, म्हणून सगळे हिंदू साधू गुन्हेगार ठरले नाहीत. तोच न्याय इथेही लावा.

पण ख्रिस्ती मैत्रिणींनाही मी हात जोडून सांगते. समाजाची अब्रू मुलाच्या गप्प बसण्यावर टांगू नका. मासिएलच्या संघानं तेच केलं होतं. संघाचं नाव राखायला मुलं गप्प ठेवली, आणि शेवटी नावही गेलं. तक्रार करणारं मूल बहुतेक वेळा आपल्याच समाजाचं, आपल्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेलं असतं. ते बाहेरचं नाही. ती मेक्सिकोतली माणसं रोमला गेली होती, ती चर्च पाडायला नव्हे. त्यांना चर्च आपलं वाटत होतं, म्हणूनच ती तिथे गेली.

तर त्या सेमिनरीतल्या भाच्याच्या मावशीला माझं सांगणं, ताई, तुमच्या भाच्याचा अभिमान बाळगा. तो सुट्टीला घरी येईल तेव्हा त्याला विचारा, तिथे काही चुकीचं घडलं तर तू कुणाला सांगशील? त्याला चटकन एखादं नाव सांगता आलं, तर ती संस्था बरी आहे असं समजायला हरकत नाही. नाही सांगता आलं, तर तुमचं नाव सांगून ठेवा.

आणि सगळ्याच जणींना सांगते, मूल कधी असं काही बोललं तर “तू खोटं बोलतोस” म्हणू नका, आणि लगेच आरडाओरडही करू नका. शांतपणे ऐका. त्याच्या तोंडात आपले शब्द घालू नका. “तू सांगितलंस ते बरं केलंस” एवढं म्हणा, आणि मग पोलिसांना कळवा. सुचत नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, तो फुकट लागतो.

 तुमचं काही वेगळं मत असेल तर जरूर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.